आभासी जगातलं प्लॉटिंग

भोकरच्या मोंढ्यात सोयाबीन विकून पट्टी हाती पडली की त्या पैशाच्या वाटा ठरलेल्या असतात. आधी उधारी, मग पोरांच्या फिया, मग घरातलं एखादं अडलेलं कार्य. त्यातूनही काही उरलंच तर माणूस नांदेड रोडला किंवा म्हैसा रोडला एक चक्कर मारून येतो. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा मारलेल्या, दगड रोवलेले, वर फलक. प्लॉटिंग हा आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा गुंतवणुकीचा मार्ग. आज रान आहे, उद्या इथं वस्ती येईल, परवा भाव येईल, एवढ्या तीन वाक्यांवर तो चालतो. कधी येतोही भाव.

आता हीच तीन वाक्यं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून नव्या मालासाठी ऐकू येतात. माल म्हणजे इंटरनेटवरची नावं, डोमेन. उद्या प्रत्येकाच्या डोळ्यावर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा येणार, शाळा, दवाखाना, दुकान, देवदर्शन सगळं त्यातून होणार. म्हणून त्याचं आखूड नाव ‘व्हीआर’ ज्यात आहे अशी नावं आजच हजार-हजार रुपयांत अडवून ठेवा आणि कंपन्या दारात आल्या की लाखांत विका. ऐकणाऱ्याला पटतं, कारण वाक्यरचना प्लॉटवाल्याचीच असते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी घरोघरी येईलही. पण ती आल्यानं अशी नावं धरून बसलेल्या माणसाच्या हाती पैसा येईल असं नाही. या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते समजायला हा बाजार आतून बघावा लागतो.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून त्या आकड्यांवर नावाची पाटी लावण्याची सोय झाली. जगभरच्या या पाट्यांची व्यवस्था १९९८ पासून आयकॅन ही अमेरिकेतली संस्था बघते. ‘डॉट कॉम’ची मुख्य वही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे. आपल्या ‘डॉट इन’ची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था सांभाळते. या वहीत नाव चढवून देणारे किरकोळ विक्रेते म्हणजे रजिस्ट्रार. आपण मोबाइलवरून नाव घेतो ते त्यांच्याकडून. नाव मोकळं असेल तर पाच मिनिटांत काम होतं. ‘डॉट कॉम’ला साधारण हजार-बाराशे रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी आला.

प्लॉटशी असलेलं साम्य इथं संपतं. प्लॉटची रजिस्ट्री झाली, फेरफार पडला, सातबाऱ्यावर नाव आलं की ती जमीन तुमची. वर्षाला जो काही कर असेल तो भरा, नाही भरला तरी कोणी ती दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याच्या नावावर करत नाही. डोमेनला सातबारा नसतो. तुम्ही नाव विकत घेत नाही, भाडेपट्ट्यानं घेता. एका वेळी फार तर दहा वर्षांचा पट्टा मिळतो आणि पुढं चालवायचा तर दर वेळी पैसे.

पट्टा संपला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. ‘डॉट कॉम’ नाव मुदतीत भरलं नाही तर रजिस्ट्रार फार तर ४५ दिवस सवलत देऊ शकतो, प्रत्यक्षात अनेक जण त्याहून कमी देतात. त्यानंतर ३० दिवसांची एक मुदत असते. तिच्यात नाव परत मिळतं, पण नेहमीच्या कितीतरी पट दंड भरून. मग पाच दिवस नाव कोणाच्याच हातात नसतं, आणि सहाव्या दिवशी ते वहीतून गळून पडतं. गळून पडण्याच्या त्या क्षणावर टपून बसलेली यंत्रं असतात. सेकंदाच्या आत चांगलं नाव उचललं जातं. या धंद्यात त्याला ‘ड्रॉप कॅचिंग’ म्हणतात, आणि मोठ्या व्यापाऱ्यांचा बराचसा माल असाच येतो. म्हणजे भोकरमध्ये बसून जो पोरगा सुचेल ते नाव टाइप करून बघतो आणि ते मोकळं दिसलं म्हणून खूश होतो, त्यानं एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ते नाव या सगळ्या यंत्रांनी आधीच पाहून सोडून दिलेलं असण्याची शक्यता जास्त आहे.

हा धंदा खोटा मात्र नाही. पहिलं ‘डॉट कॉम’ नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी कंपनीनं घेतलं. त्यानंतर दहा वर्षं नाव फुकट मिळत होतं. १९९५ च्या सप्टेंबरात दोन वर्षांना शंभर डॉलर असा दर लागला. त्याच्या आदल्या वर्षी एका अमेरिकी पत्रकारानं मॅकडोनाल्ड्सचं नाव स्वतःच्या नावावर चढवलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला त्याची गरजच वाटली नव्हती. शेवटी कंपनीनं एका शाळेच्या संगणकांसाठी देणगी दिली आणि नाव घेतलं. ‘बिझनेस डॉट कॉम’ १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं आणि दोनच वर्षांनी ७५ लाख डॉलरला. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. ‘चॅट डॉट कॉम’ २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला एका उद्योजकानं घेतलं आणि पुढं ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं.

हे आकडे खरे आहेत आणि व्हिडिओवाले हेच दाखवतात. पण बारकाईनं बघा: बिझनेस, व्हॉइस, चॅट. सगळे एकशब्दी, रोजच्या वापरातले, कुठल्याही एका तंत्रज्ञानाला न बांधलेले शब्द. ही नावं १९९० च्या दशकातच गेली. आज जे मोकळं मिळतं ते म्हणजे ‘बेस्ट व्हीआर टूर्स फॉर यू’ छापाचं लांबलचक काहीतरी. कुठल्याशा फार आतल्या गटाचा, रस्ता नसलेला कोपरा.

महाराष्ट्रात या बाजाराच्या दोन कथा झाल्या, आणि दोन्ही आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात.

पहिली मुंबई उच्च न्यायालयातली, १९९९ ची. रेडिफ हे संकेतस्थळ तेव्हा नव्यानं नावारूपाला येत होतं. सायबरबूथ नावाच्या मंडळींनी रेडिफच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘ई’ च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ डॉट कॉम’ असं नाव घेतलं. रेडिफ कोर्टात गेलं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा नुसता पत्ता नाही, ती कंपनीची मोलाची मालमत्ता आहे आणि तिला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, अशी भूमिका कोर्टानं घेतली आणि त्या नावाच्या वापराला मनाई केली. पुढं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही डोमेनला ट्रेडमार्कच्या कायद्याची तत्त्वं लागू केली. डोमेनसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नसला तरी दुसऱ्याच्या लौकिकावर नाव घ्यायला मोकळीक नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे.

दुसरी कथा पैसे मिळवल्याची. १९९८ मध्ये मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुराखिया या दोन भावांनी, एक अठरा वर्षांचा आणि एक सोळा, वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन डायरेक्टी ही कंपनी काढली. त्यांनी नावं साठवून गिऱ्हाइकाची वाट बघितली नाही. त्यांनी नावं चढवून देण्याचं दुकान काढलं. रिसेलरक्लब, बिगरॉक ही त्यांचीच दुकानं. २०१४ मध्ये हा रजिस्ट्रारचा धंदा त्यांनी एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीला सुमारे १६ कोटी डॉलरला विकला. नुसत्या पडून असलेल्या डोमेनवर जाहिराती लावून देण्याचा धंदा दिव्यांकनं स्केन्झो या नावानं चालवला. त्याच वाटेनं पुढं मीडिया डॉट नेट उभी राहिली आणि २०१६ मध्ये एका चिनी गटानं ती ९० कोटी डॉलरला घेतली. भाविननं रॅडिक्स काढली, जिच्याकडे ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट स्टोअर’, ‘डॉट टेक’, ‘डॉट साइट’ अशा नावामागच्या अख्ख्या शेपटांच्या वह्याच आहेत.

मला या कथेत सगळं उत्तर दिसतं. नाव कोणी कुठल्याही आशेनं घेवो, ती आशा खरी ठरो वा खोटी, वही ठेवणाऱ्याला आणि चढवून देणाऱ्याला दर वर्षी पैसे मिळतातच. ‘डॉट कॉम’चा व्हेरिसाइनचा घाऊक दर बरीच वर्षं ७ डॉलर ८५ सेंट होता, २०२१ पासून चार वेळा वाढून २०२४ मध्ये तो १० डॉलर २६ सेंट झाला. नाव धरून ठेवणाऱ्याचं भाडं वाढत जातं. तुमचं नाव विकलं जावं असा हट्ट त्या साखळीत तुमच्याशिवाय कोणाचाच नाही.

अँग्विला या कॅरिबियन बेटाचं उदाहरण तर इथं हवंच. सोळा हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. त्या बेटाच्या वाट्याला १९९५ मध्ये देशाचं शेपूट म्हणून योगायोगानं ‘डॉट एआय’ आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये बेटाला नुसत्या या नावांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. इथंही खात्रीचा फायदा वहीवाल्याचाच. आणि व्हीआरसाठी तेवढंही नाही. दोन अक्षरी शेपटं देशांच्या संकेतांवरून मिळतात आणि ‘व्हीआर’ असा कुठल्या देशाचा संकेत नाही, म्हणून ‘डॉट व्हीआर’ हे शेपूटच अस्तित्वात नाही.

आता व्हीआरच्या लाटेकडे येऊ. हा चष्मा उद्या येणार असं सांगायला सुरुवात होऊन चाळीस वर्षं होत आली. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्याची व्हीपीएल कंपनी यांनी हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं. १९९५ मध्ये निन्टेंडोनं व्हर्च्युअल बॉय नावाचं खेळणं बाजारात आणलं आणि वर्षभरात गुंडाळलं. मग २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्टनं लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि मार्च २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी २०० कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी गुगलनं पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड चष्मा आणला. व्हीआर नावांची खरी झुंबड तेव्हा उडाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं स्वतःचंच नाव मेटा केलं आणि दुसरी झुंबड उडाली, या वेळी ‘मेटाव्हर्स’ या शब्दावर. पुढच्याच महिन्यात डिसेंट्रालँड नावाच्या आभासी जगातला एक तुकडा २४ लाख डॉलरला विकला गेला. अक्षरशः प्लॉट, फक्त तिथं माती नव्हती. त्या जमिनींचे भाव पुढं कोसळले.

मेटाच्या व्हीआर सांभाळणाऱ्या विभागाला २०२४ या एका वर्षात १,७७० कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला. तरी ती कंपनी टिकली, कारण तिच्याकडे जाहिरातींचा पैसा आहे. आपल्याकडे जिओनं २०२३ मध्ये आयपीएल बघायला १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह चष्मा काढला. तो भोकरमध्ये कोणाच्या घरी रोज वापरात असलेला मी पाहिलेला नाही.

समजा चष्मा यशस्वी होतो. वैद्यकीय विद्यार्थी त्यातून शस्त्रक्रिया शिकतात, विष्णुपुरीच्या एसजीजीएस अभियांत्रिकी कॉलेजमधली पोरं त्यात यंत्रं उघडून बघतात. त्या दिवशी त्याला व्हीआर म्हणतील? अ‍ॅपलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरचा व्हिजन प्रो आणला तेव्हा अ‍ॅप बनवणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की व्हीआर, एआर हे शब्द वापरू नका, ‘स्पेशिअल काँप्युटिंग’ म्हणा. मायक्रोसॉफ्ट ‘मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ म्हणत होती, मग तिनं तो विभागच आवरता घेतला. आणि फेसबुकनं ज्याच्यासाठी २०० कोटी डॉलर मोजले ते ‘ऑक्युलस’ हे नाव स्वतःच बाजूला टाकून ‘मेटा क्वेस्ट’ केलं. मालकच जिथं दहा वर्षांत नाव फेकतो तिथं त्या नावाभोवती घेतलेल्या शेकडो डोमेनचं काय होणार? मोबाइल घराघरांत पोचला, पण ज्यांनी ‘वॅप’ हा शब्द असलेली नावं घेऊन ठेवली होती त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. तंत्रज्ञान जगलं, शब्द गेला.

दुसरी अडचण आणखी साधी. चष्मा घातलेला माणूस वेबसाइटचा पत्ता टाइप करत नाही. तो कंपनीच्या दुकानातून अ‍ॅप उघडतो, नाहीतर तोंडानं सांगतो. पूर्वी नावातच नेमके शब्द असले की गुगल ती साइट वर दाखवायचं, म्हणून अशा नावांना भाव होता. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलनं आपल्या शोधाच्या पद्धतीत बदल करून निव्वळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साइट खाली ढकलल्या. ‘व्हीआर’ शब्द नावात आहे म्हणून गिऱ्हाईक आपोआप येईल हा हिशेब तिथंच मोडला.

आता रोकडा हिशेब करू. एखाद्यानं शंभर नावं घेतली. वर्षाचं भाडं एक लाख वीस हजार. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल धरला तर हे झाले साडेबावीस क्विंटल. कोरडवाहू रानात तीन-चार एकरांचा माल, तोही हमीभाव मिळाला तर. या धंद्यातले मुरलेले लोक सांगतात की साठ्यातल्या शंभर नावांपैकी वर्षाला एखाद-दुसरं विकलं गेलं तरी ठीक. हे त्यांच्या निवडक मालाचं प्रमाण. समजा तुमचंही एक विकलं, हजार डॉलरला, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपये. लिलावाच्या बाजारपेठा १५ ते २५ टक्के कमिशन कापतात. हाती सत्तर हजारांच्या आसपास. वर्षाला पन्नास हजार घरातून घातले. दोन नावं विकली तर वीस हजार सुटतात. एकही विकलं नाही, आणि बहुतेकांचं हेच होतं, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा एक लाख वीस हजार भरायचे की सोडून द्यायचं हा प्रश्न पुढ्यात. सोडवतही नाही, कारण आता इतके घातलेत ना. २०१४ मध्ये घेतलेलं व्हीआर नाव आजवर सांभाळणाऱ्यानं प्रत्येक नावामागं दहा हजारांच्या घरात भाडं भरलेलं असतं.

स्वस्त शेपटांचा फास याहून बारीक. पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत नाव, दुसऱ्या वर्षी भाडं हजारांत. बिलाच्या पानावर ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. दहा नावं दीड हजारात पडली म्हणून खूश झालेल्या माणसाच्या कार्डावरून पुढच्या वर्षी आपोआप वीस-पंचवीस हजार कापले जाऊ शकतात.

मग काही हुशार मंडळी दुसरा रस्ता काढतात: कंपनीला उद्या लागणार असं नाव आजच घ्यायचं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ताजं आहे. जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होणार अशी कुणकुण लागल्यावर दिल्लीच्या एका तरुण अ‍ॅप-कारागिरानं ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं त्याच पानावर रिलायन्सला जाहीर पत्र लिहिलं की केंब्रिजमधल्या माझ्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या. खर्च होता ९३,३४५ पौंड. देशभर चर्चा झाली. कंपनीनं पैसे दिले नाहीत, कायद्याची भाषा केली. नाव पुढं दुबईतल्या दोन लहान भावाबहिणींकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं, तेव्हा त्याचा चालू पत्ता ‘हॉटस्टार डॉट कॉम’ हाच राहिला. ज्या नावासाठी एवढं रान उठलं त्यावाचून कंपनीचं काहीच अडलं नाही.

कायद्यानं तर त्या तरुणाची बाजू आणखी कच्ची होती. ‘डॉट कॉम’साठी १९९९ पासून यूडीआरपी ही आंतरराष्ट्रीय तंटापद्धत आहे, ‘डॉट इन’साठी निक्सीची आयएनडीआरपी. दोन्हींत तीन गोष्टी बघतात: नाव कोणाच्या ट्रेडमार्कसारखं आहे का, ते घेणाऱ्याचा त्यावर स्वतःचा काही हक्क आहे का, आणि हेतू वाईट होता का. ट्रेडमार्कच्या मालकालाच चढ्या किमतीला नाव देऊ करणं हा वाईट हेतूचा पुरावाच मानतात. म्हणून नावात क्वेस्ट, व्हिजन प्रो, जिओ, टाटा असलं काही घालून ‘व्हीआर’ जोडणारा माणूस विक्रीसाठी पहिला मेल पाठवतो तेव्हाच स्वतःविरुद्धचा कागद तयार करतो. पैसे तर मिळत नाहीतच, नाव काढून घेतलं जातं.

नाव घेतल्यावर आठ-पंधरा दिवसांत काही मेल येऊ लागतात, तेही सांगायला हवेत. एक मेल म्हणतो, तुमचं नाव वीस हजार डॉलरला घेतो, फक्त अमुक साइटवरून किमतीचा दाखला काढून द्या. दाखल्याची फी शंभर-दोनशे डॉलर. फी भरली की गिऱ्हाईक गायब. गिऱ्हाईक आणि दाखलेवाला एकच असतो. दुसरा मेल सरकारी थाटाचा: तुमच्या नावाची मुदत संपतेय, ताबडतोब भरा. तो तुमच्या रजिस्ट्रारचा नसतोच. खरोखर गिऱ्हाईक आलं तर व्यवहार एस्क्रोमधून करावा, म्हणजे पैसे तिसऱ्याकडे जमा होतात, नाव हस्तांतरित झाल्याची खात्री पटते आणि मग पैसे सुटतात. आपल्या इसारपावतीपेक्षा हे पुष्कळ सुरक्षित आहे.

एवढं वाचून कोणाला वाटेल की डोमेन या प्रकारातच अर्थ नाही. तसं नाही. नावाला किंमत येते ती त्यामागं उभ्या असलेल्या कामामुळे आणि विश्वासामुळे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं. हा पत्ता हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकेलाच देते. कोणालाही हजार रुपयांत न मिळणं हेच त्या नावाचं मोल.

आणि आपल्या भागात नावाच्या लायकीचा माल आहे. बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच या लातूर जिल्ह्यातल्या तिघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कंधारचा लाल कंधारी आणि देवणीचा देवणी हे गोवंश देशभर माहीत आहेत. माहूर, हुजूरसाहिब, सहस्रकुंड इथं लांबून माणसं येतात आणि येण्याआधी मोबाइलवर शोधतात. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे शेपूट मिळतं, मराठी त्यात आहे. काही फॉर्म आणि काही ईमेल यंत्रणा अजून देवनागरी पत्ता धड स्वीकारत नाहीत, म्हणून ते एकटंच घेऊ नये. जोडीला साधं ‘डॉट इन’ असावं. ज्या पोराला व्हीआरचं खरंच वेड आहे त्यानं शंभर नावांचे एक लाख वीस हजार एका बऱ्या चष्म्यात, कॅमेऱ्यात आणि शिकण्यात घातले, आणि सहस्रकुंडचा पावसाळ्यातला धबधबा किंवा माहूरगड चष्म्यातून दाखवता आला, तर त्याला एक नाव लागेल. एकच. ते त्यानं जरूर घ्यावं.

तरीही कोणाला नावांचा व्यापार करूनच बघायचा असेल तर दहाच्या वर नावं घेऊ नयेत, ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’च्या बाहेर जाऊ नये, कोणाच्या ब्रँडला हात लावू नये, आणि पैसा तोच लावावा जो बुडाला तर पेरणी अडत नाही.

आणि ज्यांचं दुकान, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, शाळा किंवा क्लास आहे त्यांनी आज एक काम करावं. तुमच्या वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा. पुष्कळदा वेबसाइट बनवून देणारा माणूस ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर चढवतो. पुढं तो गाव सोडून पुण्याला जातो, मेल बघत नाही आणि मुदत निघून जाते. रजिस्ट्रारच्या खात्यात नोंदणीदार म्हणून तुमचं नाव, तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल नंबर हवा. नसेल तर त्या माणसाला आजच फोन करून खातं आपल्या नावावर करून घ्या.